पैसे कापले गेले, पॉलिसी झालीच नाही: विम्याविना तीस दिवस

१४ जून २०२५ रोजी, शनिवारी रात्री पावणेअकराच्या सुमारास मी आमच्या गाडीच्या विम्याचे ७,२४० रुपये ऑनलाइन भरले, खात्यातून रक्कम वजा झाल्याचा बँकेचा संदेश वाचला आणि निश्चिंत मनाने झोपले. त्याच रात्री बारा वाजता जुनी पॉलिसी संपली आणि पुढचे तीस दिवस आमच्या गाडीला कोणताही विमा नव्हता. मला हे कळले अठ्ठाविसाव्या दिवशी, सांगोल्याच्या अलीकडे एका नाकाबंदीवर, मागच्या सीटवर सासूबाई-सासरे बसलेले असताना. तोवर मी रोज गाडी चालवत होते. त्या दिवसापासून विमा पुन्हा सुरू होईपर्यंत काय काय करावे लागले, ते तारखांसह लिहून ठेवत आहे.

आमची गाडी जून २०१९ मध्ये घेतलेली, ११९७ सीसीची, पेट्रोलवर चालणारी आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारगाडीला तृतीय पक्षाचा विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या इजेची किंवा नुकसानीची भरपाई देणारा विमा, एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो; त्यामुळे २०२२ पर्यंत तो भाग आपोआप चालू होता आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग तेवढा दर वर्षी नवा होत असे. हे सगळे आमच्या ओळखीचे एक विमा प्रतिनिधी पाहत. जून उजाडला की ते घरी येत, चहा घेत, धनादेश नेत आणि दोन दिवसांनी पॉलिसीचा कागद आणून देत. वयोमानामुळे त्यांनी गेल्या वर्षी काम थांबवले. यंदा पहिल्यांदाच आम्ही स्वतः नूतनीकरण करणार होतो आणि मी ते शेवटच्या रात्रीपर्यंत ढकलले. सोमवारी, १६ जूनला, शाळा सुरू होणार होती. मी शिक्षिका आहे. त्या आठवड्यात पाठ्यपुस्तकांचे वाटप, नव्या मुलांची नोंद आणि वर्गसजावट यांपुढे दुसरे काही सुचत नव्हते.

कंपनीच्या संकेतस्थळावर जुन्या पॉलिसीचा क्रमांक टाकल्यावर सारी माहिती आधीच भरलेली आली. मोबाइल क्रमांकाच्या जागी फुल्या आणि शेवटचे चार आकडे दिसत होते. मी ते वाचले नाहीत. यूपीआयने पैसे दिले, फोनवर हिरवी खूण आली, पण संकेतस्थळावरचे चक्र फिरतच राहिले आणि काही मिनिटांनी वेळ संपल्याची सूचना आली. पुन्हा प्रयत्न केला तर पैसे दुसऱ्यांदा कापले जातील अशी भीती वाटली. पॉलिसी ईमेलवर येईल असे समजून मी लॅपटॉप बंद केला. पानाचे छायाचित्रही घेतले नाही. रविवारी ईमेल आला नाही, सोमवारी शाळा सुरू झाली, आणि मग ते मागेच पडले.

१२ जुलै, शनिवार. आषाढीची गर्दी पौर्णिमेच्या काल्यानंतर ओसरते म्हणून आम्ही दोघे आई-बाबांना घेऊन सकाळीच पंढरपूरला गेलो होतो. दर्शन नीट झाले. परतीच्या वाटेवर पोलिसांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. चालक परवाना आणि पीयूसी दोन्ही ठीक होते. हवालदारांनी हातातल्या यंत्रात गाडीचा क्रमांक टाकला आणि पडदा माझ्याकडे वळवला. विम्याच्या ओळीत १४ जून २०२५ ही तारीख होती. मी म्हणाले, “अहो, मी पैसे भरले आहेत,” आणि बँकेचा संदेश शोधून दाखवला. त्यांनी तो पूर्ण वाचला. मग शांतपणे म्हणाले, “ताई, पैसे गेले असतील, पण पॉलिसी नंबर दाखवा.” तो माझ्याकडे नव्हता.

दोन हजार रुपयांचे ई-चलान झाले. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९६ नुसार विनाविमा गाडी चालवल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड अशी तरतूद आहे. पोलिसांचे वागणे पूर्ण सौजन्याचे होते. गाडीत वृद्ध माणसे आहेत हे पाहून त्यांनी गाडी अडवून ठेवली नाही, फक्त विमा केल्याशिवाय चालवू नका असे दोनदा बजावले.

रस्त्याच्या कडेला उभी राहून मी बँकेचे खाते उघडले. १८ जूनला ७,२४० रुपये परत जमा झाले होते. त्याचा संदेशही आला होता, वीजबिल आणि गॅसच्या संदेशांच्या मध्ये, न उघडलेला. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार यूपीआयने दुकानदाराला किंवा कंपनीला दिलेल्या पैशांची पोच मिळाली नाही, तर ते पाच दिवसांत आपोआप परत यावे लागतात आणि त्याहून उशीर झाल्यास दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते. माझे पैसे चौथ्याच दिवशी परत आले होते. बँकेचे काहीच चुकले नव्हते. विमा अधिनियमाच्या कलम ६४ व्हीबीनुसार हप्ता हातात पडल्याशिवाय कंपनी जोखीम स्वीकारूच शकत नाही, आणि मोटार विम्यात उशिरा भरण्यासाठी सवलतीचे दिवस नसतात. आयुर्विम्याच्या हप्त्याला महिनाभराची मुदत असते, तशीच इथेही असेल असे माझ्या पतींना वाटत होते. नंतर शिक्षक-खोलीत विचारले तेव्हा निम्म्याहून अधिक जणांचाही तोच समज निघाला.

सांगली अजून ऐंशी-नव्वद किलोमीटर दूर होती. एकदा चलान झाले आहे, आता हळू चालवत घरी जाऊ, असा विचार आम्हा दोघांच्याही मनात आला, हे मान्य करते. पण कळल्यानंतर गाडी चालवणे आणि न कळता चालवणे यांत माझ्या लेखी फरक होता. माझ्या एका सहकारी शिक्षिकेची बहीण सांगोल्यात राहते. तिला फोन केला, तेवढे अंतर जीव मुठीत धरून गाडी नेली, त्यांच्या अंगणात लावली आणि आम्ही चौघे एसटीने घरी आलो. सासऱ्यांना पंचाहत्तरीनंतरचा मोफत प्रवास होता आणि आम्हा दोघींना अर्धे तिकीट. बसमध्ये कोणी फारसे बोलले नाही.

स्थानकावर बसची वाट पाहतानाच मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. अकरा मिनिटांनी एक तरुणी बोलली, पण नोंदणीकृत मोबाइलवरून फोन नसल्यामुळे माहिती देता येणार नाही असे तिने सांगितले. मी म्हणाले, हाच माझा क्रमांक आहे आणि गेली पंधरा वर्षे तोच आहे. तिने नोंदीतले शेवटचे चार आकडे वाचून दाखवले आणि मी फोनमधल्या नावांत शोधू लागले. ते आकडे आमच्या विमा प्रतिनिधींच्या मोबाइलचे होते. सहा वर्षे आमच्या पॉलिसीवर त्यांचाच क्रमांक आणि त्यांचाच ईमेल होता. नूतनीकरणाची आठवण आणि व्यवहार अयशस्वी झाल्याची सूचना, दोन्ही त्यांच्याकडे गेले होते. त्यांना फोन केला तेव्हा ते फार व्याकूळ झाले. ग्राहकाला त्रास नको म्हणून ते सगळ्यांच्याच अर्जांवर स्वतःचा क्रमांक टाकत, आणि व्यवसाय सोडल्यापासून ते संदेश उघडतही नव्हते. त्यांच्यावर राग धरावा असे मला वाटले नाही. पण ज्यांची पॉलिसी कुणा प्रतिनिधीमार्फत होते, त्यांनी आजच ती काढून पहिल्या पानावरचा मोबाइल क्रमांक आणि ईमेल पाहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गाडीचा क्रमांक, गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या चॅसिस क्रमांकाचे शेवटचे पाच आकडे आणि माझी जन्मतारीख सांगितल्यावर त्या तरुणीने पुढचा मार्ग समजावून दिला. पॉलिसी खंडित झाली असल्यामुळे थेट नूतनीकरण होणार नव्हते. फक्त तृतीय पक्षाचा विमा हवा असल्यास पाहणीशिवाय मिळू शकत होता. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसह सर्वंकष विमा हवा असल्यास आधी गाडीची पाहणी होणे आवश्यक होते, कारण खंडाच्या काळात झालेले नुकसान नव्या पॉलिसीच्या गळ्यात पडू नये याची कंपनी खात्री करून घेते. ती म्हणाली, “मॅडम, नव्वद दिवसांच्या आत आहात, एनसीबी राहील.”

हा एनसीबी, म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के अशी चढत जाते. आम्ही सहा वर्षांत एकही दावा केलेला नव्हता, त्यामुळे आमची सवलत ५० टक्क्यांवर पोहोचली होती. पॉलिसी संपल्यापासून नव्वद दिवसांत विमा नवा केला नाही, तर ती पूर्णपणे जाते आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. आमची नव्वदी १२ सप्टेंबरला भरत होती. नाकाबंदीवर थांबवले नसते, तर गणपती, गौरी सगळे पार पडून ती तारीखही निघून गेली असती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दोन हजारांचे दुःख नव्हते. आमच्या शाळेचे फाटक अरुंद आहे आणि साडेदहाला मुलांची रीघ असते. पावसात छत्र्या आडव्या धरून, एकमेकांना ढकलत मुले गाडीच्या अगदी जवळून पळत जातात, आणि त्या सत्तावीस दिवसांत शाळेच्या दर दिवशी मी त्यांच्यामधून गाडी आत घेत होते. एखाद्या मुलाला धक्का लागला असता तर त्याच्या उपचाराचा, अपंगत्वाचा, देव न करो, त्याहून वाईट गोष्टीचा मोबदला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने ठरवला असता आणि तो पूर्णपणे आम्हाला भरावा लागला असता. तृतीय पक्षाच्या विम्यात मृत्यू किंवा शारीरिक इजेच्या भरपाईला वरची मर्यादा नसते. मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांची असते. एवढे मोठे ओझे ३,४१६ रुपयांच्या मूळ हप्त्यावर कंपनी उचलते. १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीसाठी हा दर सरकारने ठरवलेला आहे. मी बिछान्यात उठून बसले आणि आमच्या ठेवी, घराचे कर्ज, मुलाच्या शिक्षणाचे पैसे यांची बेरीज करू लागले. आमच्या हातून अपघात झालेल्या घरालाही त्या बेरजेतून पुरेसे काही मिळाले नसते, हा विचार सर्वांत जास्त टोचत राहिला.

१३ जुलै, रविवार. सकाळी मोबाइलवर स्वयंपाहणीचा दुवा आला. तो चोवीस तासच चालणार होता आणि गाडी सांगोल्यात होती. आम्ही दोघे पुन्हा एसटीने गेलो. दुवा उघडल्यावर कॅमेरा सुरू होतो आणि सूचनेप्रमाणे गाडीभोवती फिरत एकसलग चित्रण करायचे असते: समोरची काच आतून आणि बाहेरून, चारही बाजू, धावलेल्या किलोमीटरांचा आकडा, बॉनेटखाली चॅसिस क्रमांक. पाऊस थांबून थांबून पडत होता. ह्यांनी छत्री धरली, मी चित्रण केले, आणि दुपारी ते नामंजूर झाले. काचेवर पाण्याचे थेंब होते आणि चॅसिस क्रमांक वाचता येत नव्हता. दुसऱ्यांदा केले, तेही नामंजूर झाले. ज्यांना हे करावे लागेल त्यांनी गाडी छपराखाली घ्यावी, आदल्या दिवशी धुऊन पुसून ठेवावी आणि चॅसिस क्रमांकाची पट्टी ओल्या फडक्याने स्वच्छ करून मगच दुवा उघडावा. मी पुन्हा मदत क्रमांकावर फोन केला आणि प्रत्यक्ष सर्वेक्षक पाठवण्याची विनंती नोंदवली. तिचा क्रमांक वहीत लिहून घेतला. या साऱ्या प्रकरणात वहीइतकी दुसरी कशाची मदत झाली नाही.

सोमवारी, १४ जुलैला, मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सर्वेक्षक साडेअकराला मोटारसायकलवरून आले. साधारण पन्नाशीचे, मोजके बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागच्या डाव्या दारावरचा पोचा, पुढच्या बंपरची चीर आणि उजव्या आरशावरचा ओरखडा यांची नोंद केली. हे नुकसान आधीचे आहे, त्यामुळे नव्या पॉलिसीत त्याची भरपाई मिळणार नाही, हे त्यांनी मला वाचून दाखवले आणि सही घेतली. मग बॉनेट उघडून त्यांनी इंजिनामागच्या पत्र्यावरची धूळ रुमालाने पुसली, खिशातून पातळ कागदाची पट्टी काढली, कोरलेल्या आकड्यांवर ती ताणून धरली आणि शिसपेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासू लागले. राखाडी होत जाणाऱ्या कागदावर एकेक अक्षर पांढरे उमटत गेले. लहानपणी आम्ही वहीच्या पानाखाली नाणे ठेवून असेच करत असू. आदल्या दिवशी दोन मोबाइलना न वाचता आलेला क्रमांक त्या पट्टीवर लख्ख दिसत होता. त्यांनी ती पट्टी नमुन्यावर चिकटवली, तिचे छायाचित्र काढले आणि सगळे वीस मिनिटांत आटोपले. पाहणीचे वेगळे शुल्क आमच्याकडून घेतले गेले नाही.

दुपारी चारला अहवाल मंजूर झाल्याचा संदेश आला, या वेळी माझ्या मोबाइलवर. पैसे त्याच दिवशी भरायचे होते, अन्यथा पाहणी पुन्हा करावी लागली असती. हप्ता ७,६५३ रुपये झाला, म्हणजे जूनपेक्षा ४१३ रुपये अधिक. खंडित पॉलिसीवर कंपनीने तिची स्वतःची सूट थोडी कमी केली होती. हिशेब असा होता: स्वतःच्या नुकसानीचा भाग ५,४९० रुपये, त्यातून ५० टक्के एनसीबी वजा जाऊन २,७४५, तृतीय पक्षाचे ३,४१६, मालक-चालकाच्या पंधरा लाखांच्या सक्तीच्या वैयक्तिक अपघात विम्याचे ३२५, आणि एकूण रकमेवर १८ टक्के जीएसटी. एनसीबी गेला असता तर हाच आकडा १०,८९३ झाला असता, आणि पुन्हा ५० टक्क्यांपर्यंत चढायला पाच वर्षे लागली असती. कमी झालेली सूट परत मागून पाहिली, पण मिळाली नाही. मीही ते फार ताणले नाही.

या वेळी मी दुवा बंद केला नाही. पैसे गेले, हिरवी खूण आली, आणि मी तशीच बसून राहिले. सुमारे पाच मिनिटांनी पॉलिसी क्रमांक दिसला, पाच वाजून वीस मिनिटांनी पीडीएफ ईमेलवर आली. तिच्यातले नाव, गाडीचा, चॅसिसचा आणि इंजिनाचा क्रमांक, एनसीबीची टक्केवारी आणि विमा सुरू होण्याची वेळ मी बोट ठेवून वाचली. विमा १५ जुलैच्या ००:०० पासून, म्हणजे त्याच रात्री बारा वाजता सुरू होत होता. म्हणजे त्या संध्याकाळी गाडी आणता येत नव्हती, आणि आम्ही ती आणलीही नाही. मंगळवारी शाळा सुटल्यावर आम्ही सांगोल्याला गेलो, त्या ताईंच्या घरी चहा घेतला आणि रात्री साडेनऊला गाडी आमच्या दारात उभी राहिली.

चलान मी १६ जुलैला महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर भरले. पैसे भरल्याचा पुरावा जोडून तक्रार का केली नाहीस, असे एका नातेवाइकांनी विचारले. पण त्या दिवशी गाडीला विमा नव्हता हे खरेच होते. नवी पॉलिसी आली म्हणून जुने चलान रद्द होत नाही आणि चलान भरले म्हणून गाडी विमाधारक होत नाही. या दोन गोष्टींची पुष्कळ जण गल्लत करतात. एमपरिवहन या सरकारी ॲपवर विम्याची नवी तारीख १७ जुलैला दिसू लागली. मधल्या दोन दिवसांत मी पॉलिसीची छापील प्रत गाडीत आणि पीडीएफ फोनमध्ये ठेवली होती.

एक काम राहिले होते. नव्या पॉलिसीवर माझा मोबाइल क्रमांक आला होता, पण ईमेलच्या रकान्यात दुसऱ्या जागी अजून जुनाच पत्ता होता. त्याच्या दुरुस्तीसाठी मी लेखी अर्ज केला, सोबत आधारची प्रत जोडली, आणि १४ जूनचा अयशस्वी व्यवहार माझ्या स्वतःच्या क्रमांकावर का कळवला गेला नाही, अशी विचारणाही त्यातच केली. उत्तर नियमातल्या भाषेत आले: सूचना नोंदीतल्या क्रमांकावर त्याच रात्री १० वाजून ५८ मिनिटांनी पाठवण्यात आली होती. दुरुस्तीचे पृष्ठांकन, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाची नोंद करणारा कागद, ३० जुलैला मिळाले. ते एका पानाचे आहे, त्यासाठी पैसे लागले नाहीत, आणि ते मी पॉलिसीच्या पहिल्या पानाला टाचून गाडीच्या कप्प्यात ठेवले आहे. आमच्या त्या विमा प्रतिनिधींनी त्यांच्या जुन्या वहीतून आणखी चौदा ग्राहकांची नावे काढली आहेत आणि ते एकेकाला फोन करून पॉलिसीवरचा क्रमांक बदलून घ्यायला सांगत आहेत. परवापर्यंत नऊ जणांशी बोलणे झाले होते.